वाचकांचे प्रश्न : मांजरपाट, मंद दिवे आणि आरीची सुई

प्रश्न : येत्या मे महिन्यात आम्ही चार मैत्रिणी पॅरिसला जाणार आहोत. माझ्या आग्रहामुळे ‘गॅलरी दिओर’, म्हणजे दिओर या फॅशन पेढीचे पोशाखांचे संग्रहालय, कार्यक्रमात आले आहे. परंतु दोघींचे म्हणणे असे, की महागडे कपडेच पाहायचे असतील तर दुकानांच्या काचा फुकट पाहता येतात. ‘ओत कुत्यूर’ हे महागड्या तयार कपड्यांपेक्षा नेमके वेगळे कसे, हे त्यांना काय सांगून पटवू? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : मैत्रिणींचा आक्षेप अगदीच बिनबुडाचा नाही, कारण अशा प्रदर्शनांत जाहिरातीचा अंश असतोच. तरीही ‘ओत कुत्यूर’ या शब्दांचा अर्थ ‘उच्च दर्जाचे शिवणकाम’ असा आहे, आणि तो किमतीपेक्षा कामाच्या पद्धतीशी जोडलेला आहे. फ्रान्समध्ये १९४५ पासून या संज्ञेला कायद्याचे संरक्षण असून, पॅरिसमध्ये स्वतःची कार्यशाळा असणे, गिऱ्हाइकाच्या अंगावर बेतून पोशाख शिवणे, आणि जानेवारी व जुलै असे वर्षातून दोनदा नवे पोशाख सादर करणे, अशा अटी पाळणाऱ्या मोजक्या पेढ्यांनाच ती वापरता येते.

दुकानाच्या काचेत जे कधीच दिसत नाही, ते तुम्हाला तिथल्या पांढऱ्याशुभ्र दालनात दिसेल. मूळ कापडाला कात्री लावण्यापूर्वी संपूर्ण पोशाख आपल्या मांजरपाटासारख्या साध्या सुती कापडात शिवून पाहतात. त्याला फ्रेंचमध्ये ‘त्वाल’ म्हणतात. असे अनेक त्वाल त्या दालनात मांडलेले असतात. रंग नाही, जर नाही, मोती नाहीत, म्हणून लोक तिथून भरभर पुढे सरकतात. मला मात्र तीच जागा सर्वांत बोलकी वाटते, कारण टक्स कुठे घेतले, कापड उरेब (तिरके) कुठे धरले, खांद्याची टीप किती मागे नेली, हे सारे तिथे उघडे पडलेले असते. चौघींपैकी एकीने जरी घरी ब्लाउज शिवला असेल, तरी तिला पुढे करा. लेखी माहितीफलकांपेक्षा तिचे बोलणे अधिक उपयोगी पडेल.

ही वास्तूही पाहण्यासारखी आहे. ३०, आव्हेन्यू मोंतेन्य या पत्त्यावर १२ फेब्रुवारी १९४७ रोजी ख्रिस्तियन दिओर यांनी आपले पहिले पोशाख सादर केले. युद्धकाळात कापड मापून मिळत असल्याने आखूड व सरळसोट कपड्यांची सवय झालेल्या लोकांपुढे त्यांनी बारीक कमरेची जाकिटे आणि कित्येक मीटर कापड खाणारे घेरदार घागरे आणले. त्यावर जितके कौतुक झाले, तितकाच संतापही व्यक्त झाला. त्यांतील ‘बार’ या नावाने गाजलेल्या जाकिटाची कंबर मुळात दिसते तितकी बारीक नसते. कमरेखालच्या भागात आतून भर घालून नितंब फुगवलेले असल्यामुळे ती बारीक भासते.

प्रवेशाची वेळ आधी ऑनलाइन नोंदवून ठेवा, नाहीतर रांगेतच उत्साह मावळेल. आत चौघींनी एकत्र फिरू नये, असे माझे मत आहे. प्रत्येकीने एकच पोशाख निवडून त्याच्यासमोर दहा मिनिटे काढावीत, आणि मग एकमेकींना तिथे बोलावून काय दिसले ते सांगावे.

प्रश्न : परदेशातील एका संग्रहालयात जुन्या पोशाखांच्या दालनात इतका अंधार होता, की भरतकाम नीट दिसले नाही. तिकिटाचे पैसे घेऊन ही काटकसर कशासाठी? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : ही काटकसर विजेची नसून रेशमाच्या आयुष्याची असते. प्रकाशाने रंग विटतात व धागा ठिसूळ होतो, आणि ही हानी साठत जाते. पोशाख पुन्हा अंधारात ठेवल्याने ती भरून येत नाही. म्हणून कापडांवर सुमारे ५० लक्सहून (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश पडू न देण्याचा प्रघात आहे आणि काही महिन्यांनी पोशाख बदलले जातात. आत शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत चार-पाच मिनिटे थांबा आणि मोबाइलचा उजळ पडदा बंद ठेवा. निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

प्रश्न : पॅरिसच्या या पोशाखांवरील भरतकाम मुंबईत होते, असे ऐकले. ते खरे आहे काय? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : सर्व नसले, तरी त्यातील बरेचसे होते. जानेवारी २०२० मध्ये पॅरिसच्या रोदँ संग्रहालयाच्या बागेत दिओरचे पोशाख सादर झाले, तेव्हा मंडपात लावलेले अमेरिकी कलावंत जूडी शिकागो यांचे भव्य ध्वजपट मुंबईच्या चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टमधील विद्यार्थिनींनी भरले होते. पुढे ३० मार्च २०२३ रोजी याच पेढीने गेटवे ऑफ इंडियासमोर आपले पोशाख सादर केले, तेव्हा हा संबंध सर्वांसमोर आला. एरवी मात्र माहितीफलकावर रचनाकाराचे नाव ठळक असते आणि भरणाऱ्याचे नसते, ही गोष्ट मला खटकते.

हा संबंध जुनाही आहे. ताणलेल्या कापडावर आकड्याच्या सुईने साखळीटाका घालण्याची रीत अठराव्या शतकात पूर्वेकडून युरोपात पोचली. आपल्याकडे त्या सुईला आरी म्हणतात. फ्रान्समध्ये लुनेव्हिल या गावाच्या नावाने ती ओळखली जाते आणि तिने मोती व टिकल्याही जडवतात. त्या पद्धतीत कापडाची उलटी बाजू वर असते, मोती खालच्या अंगाला बसत जातात आणि भरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तासन्‌तास केवळ साखळीटाक्यांच्या रांगा असतात. नक्षी कशी उतरली, ते त्याला चौकट उलटल्यावरच दिसते.