आधी माडीवर दिवा लागू दे

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद. पणजीहून पाठवलेला तुझा मेसेज दोनदा वाचला. आजोबांचं दुकान तीन पावसाळे बंद आहे, जवळचे सहा लाख घालून तिथे कॅफे उघडायचा म्हणतेस, आणि विचारतेस की आपली सावंतवाडीची पेठ पुन्हा उभी राहील का. राहील. फक्त तू कामांचा जो क्रम लावला आहेस, तो मला उलटा वाटतो. तू रंगापासून आणि पाटीपासून सुरुवात केलीस. मी माडीपासून केली असती.

हायवे गावातून जायचा तेव्हा मुंबई-गोव्याच्या गाड्या मोती तलावाजवळ थांबत. लोक चहा घेत, लाकडी आंबे-केळी पिशवीत टाकत आणि पुढे जात. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, पण स्टेशन गावाबाहेर राहिलं. मग झाराप-पत्रादेवी बाह्यवळण झालं आणि गाड्या गावाला वळसा घालू लागल्या. पेठ त्यामुळे बसली असं सगळे सांगतात, आणि ते खोटं नाही. पण मी त्याच्या आधीपासून आणखी एक गोष्ट पाहत होतो. दुकानांवरच्या माड्या रिकाम्या होत होत्या. मुलं मुंबईला, गोव्याला गेली, म्हातारी माणसं गावाबाहेरच्या फ्लॅटमध्ये. मालक संध्याकाळी शटर ओढून तिकडे जाऊ लागला आणि आठनंतर रस्ता काळोखात. जिथे कोणी राहत नाही, तिथे वाण्याचं दुकान चालत नाही. वाणी गेला की फुलवाली जाते, मग शिंपी. पर्यटक परत आणता येतील, गोव्यातला मोपाचा विमानतळही आता जवळ आहे. पण शनिवार-रविवारच्या गिऱ्हाइकावर वाणी उभा राहत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, तू स्वतः माडीवर राहायला ये. भाडं वाचेल, ते सोड. तुझ्या खिडकीत उजेड दिसला की समोरच्या काकूंना दार उघडं ठेवावंसं वाटेल. मला यातच सगळं दिसतं.

घराला हात लावण्याआधी छपरावर माणूस चढव. पावसाळ्याआधी कौलं परतून घे, वाशांना वाळवी लागली आहे का ते टोचून बघ. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या आहेत, त्यांना सिमेंटचा गिलावा करू नकोस, कोणी कितीही स्वस्तात करून देतो म्हणाला तरी. चिरा ओल पितो आणि सोडतो. वरून सिमेंट बसलं की ती ओल आत कोंडते आणि दोन-तीन वर्षांत पापुद्रे सुटतात. चुन्याचं काम येणारे गवंडी थोडे उरलेत, पण आहेत. मी गाठ घालून देईन.

कागद मात्र त्याच्याही आधी. मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचंच नाव असेल, तर सगळ्या वारसांची नोंद करून घे. मुंबईच्या आत्याला फोनवर सांगून भागणार नाही, तिच्याकडे जाऊन बस. आपल्या पेठेतली निम्मी कुलपं गरिबीची नाहीत, भावकीची आहेत. उरलेली भीतीची. जुना भाडेकरू निघाला नाही हे पाहिलेला मालक जागा रिकामी ठेवतो, पण देत नाही. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. शेजाऱ्यांना हे समजावून एक कुलूप जरी उघडवलंस, तरी ते तुझ्या कॅफेच्या पाटीपेक्षा मोठं काम होईल.

आता चितार आळीबद्दल, आपल्या लाकडी खेळण्यांच्या कारागिरांच्या आळीबद्दल. तुझ्या मेसेजमध्ये ती फोटो काढायची जागा म्हणून आली आहे, आणि ते मला लागलं. सत्तरच्या दशकात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, ही कला जवळजवळ संपली होती. दशावताराचा पूर्ण संच 120 गोल पानांचा, प्रत्येक पान हाताने रंगवायचं, आणि ते येणारे पुंडलिक चितारी म्हातारे झाले होते. तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी स्वतः ती कला त्यांच्याकडून शिकून घेतली, राजवाड्यात कारागिरांना बसवलं, नव्यांना शिकवायला लावलं. पहिली पायरी काय होती ते बघ: शिकणं. आज गंजिफाला आणि आपल्या लाकडी कामाला भौगोलिक मानांकन आहे. पण मानांकनाने पांगाऱ्याचं लाकूड मिळत नाही आणि नवरात्र-दिवाळीआधी माल भरायला भांडवलही येत नाही.

इथे माझी एक चूक सांगतो. मी पतसंस्थेत कर्जाचे अर्ज बघायचो. एक तरुण कारागीर लेथ मशीनसाठी आला होता. तारण नव्हतं, जामीन एकच. मी नियमावर बोट ठेवलं. वर्षभरात तो गोव्यात हॉटेलात लागला आणि त्याच्या वडिलांचं दुकान बंद झालं. त्या दारावरून आजही जातो तेव्हा पाय जड होतात. दुसरा जामीन मी शोधू शकलो असतो, गाव एवढंसं आहे.

म्हणून तुझे सहा लाख एकट्या तुझ्या दुकानात घालू नकोस. चार लाखांत घर आणि दुकान बसव. उरलेल्याचं असं कर, की आळीतले आणि पेठेतले दहा जण जमव. लोकांकडून ठेवी मात्र गोळा करू नकोस, तो कायदा कडक आहे. 1960 च्या सहकार कायद्याप्रमाणे दहा वेगवेगळ्या कुटुंबांतली दहा माणसं संस्था काढू शकतात. लाकूड एकत्र घ्यायचं, वाळवायचं, लेथ सामाईक ठेवायचं. तुझ्या दुकानाचा पुढचा भाग कारागिराला बसायला दे, रंग चढताना लोकांना दिसू दे. चहा त्याच्या मागे.

नगरपरिषदेकडे जायचंच आहे, पण दिवे, गटार आणि कचऱ्यासाठी, आणि दहाही जणांनी मिळून. एकट्याने दिलेला अर्ज फायलीत जातो.

पुढच्या मंगळवारी ये, बाजाराचा दिवस आहे. मिळकत पत्रिकेची नक्कल आण आणि माडीची चावीही. कुलूप गंजलं असेल, मी तेल घेऊन येतो.

तुझा,
काका