फेरारी, लॅम्बोर्गिनीत इंडिकेटरसुद्धा स्टीअरिंगवर का असतो? चालवताना गोंधळ होत नाही का?

प्रश्नाच्या खुलाशात तुम्ही लिहिलंय की आजवर हॅचबॅकच चालवली आहे, आता ट्रॅकवर आणि थोडं रस्त्यावर अशी गाडी चालवायला मिळणार आहे, आणि स्टीअरिंगवरची बटणं पाहून धास्ती वाटते. गोंधळ होतो, हे आधीच सांगतो. पण तो कुठे होतो हे माहीत असेल तर अर्ध्या तासाच्या सरावात आटोक्यात येतो.

आधी इंडिकेटरची स्टीअरिंगमागची दांडी का गेली ते पाहू. फेरारीची गिअर बदलायची पॅडल, म्हणजे स्टीअरिंगमागच्या बोटाने ओढायच्या पट्ट्या (उजवीने वरचा गिअर, डावीने खालचा), स्टीअरिंगबरोबर फिरत नाहीत, मागच्या कॉलमला म्हणजे स्टीअरिंगच्या न फिरणाऱ्या खांबाला पक्की बसवलेली असतात. वळणात हात कुठेही गेला तरी बोटाला सापडावीत म्हणून ती लांब ठेवतात. आता त्याच जागेत इंडिकेटर आणि वायपरच्या दांड्या बसवायच्या म्हटल्या तर दोन्हींची अडचण होते: दांडी बोटांपासून लांब जाते, किंवा गिअर बदलताना चुकून वायपर फिरतो. 2009 साली आलेल्या 458 इटालियात फेरारीने दांड्या काढूनच टाकल्या. इंडिकेटर, वायपर, हेडलाइट सगळं स्टीअरिंगच्या आऱ्यांवर आलं. डावीकडे डाव्या इंडिकेटरचं बटण, उजवीकडे उजव्याचं.

2014 च्या लॅम्बोर्गिनी हुराकाननेही दांडी काढली, पण तिथे डाव्या अंगठ्याखाली एकच सरकतं बटण आहे. डावीकडे-उजवीकडे सरकवा, बंद करायला दाबा. तुम्ही मोटरसायकल चालवत असाल तर हे हाताला लगेच बसेल, रचना अगदी तीच आहे. मला फेरारीच्या दोन बटणांपेक्षा हे बरं वाटतं, कारण एकच अंगठा लक्षात ठेवावा लागतो.

खरी अडचण स्टीअरिंग वळलेलं असताना येते. सरळ रस्त्यावर डावं बटण डावीकडे असतं. सर्कलला वळसा घालताना चाक उजवीकडे पाव फेरा फिरलं की तेच बटण वर, घड्याळातल्या बाराच्या जागी जातं. बाहेर पडताना डावा इंडिकेटर द्यायचा तर नजर बटण शोधायला खाली जाते. ताशी 100 किलोमीटरला गाडी एका सेकंदात सुमारे 28 मीटर जाते, 200 ला 55 मीटरच्या पुढे. उपाय एकच: हात नऊ आणि तीनच्या जागी ठेवा आणि वळवताना पकड बदलू नका. मग चाक कसंही फिरलं तरी बटण अंगठ्याखालीच राहतं. या गाड्यांची स्टीअरिंग फार चटपटीत असतात, 458 मध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम दोन फेरे. हात न उचलता बहुतेक वळणं घेता येतील असाच हिशोब त्यामागे आहे. चाक सरकवत-सरकवत फिरवायची सवय असेल तर तिथेच गडबड होणार.

पॅडलबद्दलही हेच. पोर्शे, आउडी आर8, मॅक्लारेन यांची पॅडल स्टीअरिंगबरोबर फिरतात; हात न हलवणाऱ्याला ती नेहमी बोटाशी असतात. पण अगदी तीव्र वळणात हात ओलांडावे लागले की उजवं पॅडल डावीकडे जातं आणि हवा त्याच्या उलट गिअर पडू शकतो. कॉलमवरच्या पॅडलची जागा बदलत नाही, मात्र चाक बरंच फिरल्यावर हाताला तिथवर पोचावं लागतं. निसान जीटी-आर 2007 मध्ये कॉलमवरची पॅडल घेऊन आली आणि 2017 च्या आवृत्तीत ती स्टीअरिंगवर नेली. ट्रॅकवर मला स्टीअरिंगवरचीच आवडतात, घाटात कॉलमवरची. मॅक्लारेनमध्ये आणखी एक सोय आहे. दोन्ही पॅडल आतून एकाच पट्टीने जोडलेली असल्याने उजवं ओढलं काय नि डावं ढकललं काय, वरचाच गिअर पडतो. एक हात गुंतलेला असला तरी काम होतं.

चुकलेली रचना कशी असते तेही पाहा. पोर्शेने 2008 मध्ये 911 ला पीडीके हा दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स दिला तेव्हा आऱ्यांवर दोन्हीकडे एकसारखी बटणं होती: अंगठ्याने पुढे ढकलली की वरचा गिअर, मागून बोटाने ओढली की खालचा. दोन्ही बाजूंना दोन्ही कामं, त्यामुळे डावा-उजवा असा फरक हाताला कळतच नाही. टीका झाली आणि पुढे साधी पॅडल मिळू लागली. मधल्या लिव्हरचंही तसंच: पुढे ढकलल्यावर वरचा गिअर पडायचा. ब्रेक मारताना अंग पुढे फेकलं जातं, वेग घेताना मागे, म्हणून वरचा गिअर ओढून आणि खालचा ढकलून पडणं शरीराला सोपं. 2013 च्या 911 जीटी3 मध्ये पोर्शेने दिशा तशी उलटवली.

स्पर्शाने चालणाऱ्या बटणांबद्दल माझं मत ठाम आहे: स्टीअरिंगवर ती नसावीत. खऱ्या बटणावर बोट आधी टेकतं, कड चाचपतं, खात्री झाली की दाबतं. स्पर्शबटणात शोधणं आणि दाबणं एकच होऊन जातं, त्यामुळे न बघता शोधायची सोयच उरत नाही. उलट वळणात तळहात घासला तरी काहीतरी बदलतं. फेरारीने 2019 च्या एसएफ90 पासून ही पद्धत आणली आणि 2025 च्या अमाल्फीत खरी बटणं परत दिली, लाल स्टार्ट बटणासकट. तुम्हाला मिळणारी गाडी या मधल्या काळातली असेल तर सरावाला दुप्पट वेळ ठेवा.

मॅक्लारेन आर्तुराने तिसराच मार्ग घेतला. स्टीअरिंगवर एकही बटण नाही. हाताळणी आणि इंजिनाचे मोड बदलायचे खटके मीटरच्या दोन्ही कडांना आहेत आणि मीटर स्टीअरिंग कॉलमबरोबरच वर-खाली होतं. उंची कशीही लावा, बोट लांबवलं की खटका तिथेच. मला ही रचना सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते.

आता चालवण्याआधी काय करायचं ते सांगतो. सीट आधी, बटणं नंतर. इंजिन चालू ठेवून ब्रेक पूर्ण दाबा (बंद इंजिनावर दोन-तीनदा दाबल्यावर पेडल कडक होतं आणि अंदाज चुकतो). पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला हवा. मग पाठ आणि खांदे सीटला टेकवून हात लांब करा, मनगट स्टीअरिंगच्या माथ्यावर टेकायला हवं. खांदा सुटत असेल तर स्टीअरिंग जवळ ओढा, सीट पुढे घेऊ नका. हेल्मेट घालणार असाल तर हे सगळं हेल्मेट घालूनच करा.

इंजिन मागे असलेल्या गाडीत चालक बराच पुढे बसतो आणि पुढच्या चाकाची कमान पायाच्या जागेत घुसते. आपल्याकडच्या उजव्या बाजूच्या स्टीअरिंगमध्ये त्यामुळे पेडल डावीकडे, गाडीच्या मध्याकडे सरकलेली असू शकतात. पाय सरळ ठेवला तर ब्रेकच्या जागी अॅक्सिलरेटर लागत नाही ना, हे उभ्या गाडीत दहादा पाय उचलून-ठेवून बघा. रुंद तळव्याचे बूट टाळा, मॅट खुंटीला अडकलेली आहे का पाहा.

मग डोळे मिटून शोधा: डावा-उजवा इंडिकेटर, वायपरचा एक फटका, अप्पर, हॉर्न, धोक्याचे दिवे, मोड. आपल्याकडे हॉर्न हा विनोदाचा विषय नाही. काही गाड्यांत तो मधल्या पॅडवर नसून आऱ्यांवर असतो. दांडी असलेली युरोपी गाडी मिळाली तर इंडिकेटर डाव्या हाताला असेल. मारुती, ह्युंदाईची सवय असलेल्यांकडून तिथे हमखास वायपर लागतो.

रस्त्यावर नाक, म्हणजे गाडीचा पुढचा भाग, उचलायचं बटण सर्वांत महत्त्वाचं, कारण स्पीडब्रेकर. ते कुठे आहे आणि किती वेळ घेतं, दोन्ही विचारून ठेवा. मॅक्लारेन 720एस ला साधारण 10 सेकंद लागतात, 750एस ला 4. म्हणजे स्पीडब्रेकर दिसल्यावर नाही, त्याच्या बऱ्याच आधी दाबायचं. 992 पिढीच्या पोर्शे 911 मध्ये ही सोय घेतलेली असेल तर पुढचा भाग सुमारे 40 मिलिमीटर उचलला जातो, पण ताशी 35 किलोमीटरच्या आतच. फेरारीत मानेत्तिनो म्हणजे मोडचा छोटा फिरता खटका असतो, आणि 458 सारख्या काही गाड्यांत डॅम्परच्या (शॉक अब्सॉर्बरच्या) चित्राचं वेगळं बटण. खडबडीत रस्त्यावर ते दाबलं की इंजिन जोशात राहतं आणि सस्पेन्शन मऊ होतं.

शेवटचं: फेरारी आणि हुराकानमध्ये दोन्ही पॅडल एकदम ओढली की न्यूट्रल पडतो, रिव्हर्स मात्र मधल्या कन्सोलवर वेगळा असतो. हा क्रम पार्किंगमध्येच चार-पाच वेळा करून घ्या. मागे गाड्यांची रांग असताना रिव्हर्स शोधत बसणं फार अवघड जातं.