एटीएममध्ये 40 नोटांची थप्पी न विस्कटता शटरपर्यंत कशी जाते?

तुमचा प्रश्न असा आहे: यंत्र एकेक नोट उचलतं हे समजतं, पण सगळ्या नोटा एकदम बाहेर येताना सरळ कशा राहतात, आणि जाम बहुतेक वेळा तिथेच का होतो?

उचलण्याचं आधी उरकतो. कॅसेटमधून (यंत्रातल्या नोटांच्या डब्यातून) नोट निघते ती रबरी रोलरने, नाहीतर सक्शन कपने. रोलरच्या यंत्रात फीड रोलरसमोर नोट अडवणारा दुसरा रोलर असतो आणि सगळा खेळ घर्षणाचा. फीड रोलर आणि नोट यांच्यातलं घर्षण सगळ्यात जास्त हवं, अडवणारा रोलर आणि नोट यांच्यातलं त्याहून कमी, आणि दोन नोटांमधलं सगळ्यात कमी. रोलर घासून चकचकीत झाला की हा क्रम मोडतो. मग एक तर नोट उचलली जात नाही, नाहीतर दोन येतात. नोट साधारण 0.1 मिमी जाडीची, त्यामुळे दोन आल्या की जाडीच्या सेन्सरला कळतं आणि त्या रिजेक्ट बिनमध्ये, म्हणजे बाद नोटांच्या डब्यात, जातात. हे काम आता चांगलंच पक्कं झालेलं आहे.

थप्पीचं गणित वेगळं. एकट्या नोटेला बेल्ट स्वतः धरतो. थप्पीत बेल्ट लागतो फक्त सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या नोटेला. मधल्या 38 नोटा शेजारणीच्या भरवशावर चालतात. म्हणून थप्पी दोन्ही बाजूंनी चालत्या बेल्टमध्ये धरावी लागते. एका बाजूला बेल्ट आणि दुसऱ्या बाजूला स्थिर पत्रा ठेवला, तर पत्र्याला लागलेली नोट मागे राहते, तिच्या शेजारची थोडी पुढे, आणि पत्त्यांचा डाव पसरावा तशी थप्पी तिरकी होते. ती शटरच्या फटीत गेली की अडकलीच.

दोन्ही बेल्ट असले तरी त्यांचा वेग एक हवा. 20 मिमी व्यासाच्या पुलीवर रबराची भुकटी आणि नोटांचा मळ मिळून 0.1 मिमीचा थर चढला, तर व्यास होतो 20.2, म्हणजे वेग 1 टक्का वाढला. 300 मिमीच्या वाटेवर वरची आणि खालची नोट 3 मिमीने सरकली. डोळ्याला बेल्ट ठीकच दिसतो, आणि बरेच जण इथेच फसतात: नवा बेल्ट टाकतात, पुली पुसत नाहीत. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घ्या. पेट्रोल किंवा थिनर नको, रबर फुगतं.

वळण हा थप्पीचा दुसरा शत्रू. वापरलेल्या 40 नोटा मिळून जाडी होते सुमारे 5 मिमी. 90 अंशांचं वळण घेतलं की बाहेरच्या नोटेची वाट आतलीपेक्षा जवळजवळ 8 मिमी लांब पडते. वळणाची त्रिज्या वाढवून हा फरक कमी होत नाही, तो फक्त जाडी आणि कोनावर ठरतो. म्हणून वळणं एकेकट्या नोटांच्या टप्प्यात उरकून घ्यायची आणि थप्पीची वाट सरळ ठेवायची, हीच रचना मला पटते.

दाबाचंही तसंच. कधी 2 नोटा, कधी 40, म्हणून वरचा बेल्ट स्प्रिंगवर तरंगता ठेवतात. तो दोन्ही टोकांना सारखा उचलला गेला पाहिजे. एकाच टोकाला बिजागरी असेल तर फट पाचरीसारखी होते आणि नोटा मागे ढकलल्या जातात.

नोटांची तब्येतही मोजावी लागते. पावसाळ्यात एसी बंद असलेल्या केबिनमध्ये नोट दमट होऊन लुळी पडते आणि दोन बेल्टमधल्या मोकळ्या जागेत तिची पुढची कड खाली झुकते. कोऱ्या नोटांच्या कापलेल्या कडा एकमेकींत अडकतात. गड्डीची पट्टी काढून दोन्ही बाजूंनी फडफडवून, टेबलावर ठोकून सरळ करूनच कॅसेट भरा. कॅसेट ठासून भरू नका. जुनी शंभरची नोट 73 × 157 मिमी, नवी 66 × 142. एका कॅसेटमध्ये दोन्ही मिसळल्या तर लहान नोट गाइडमध्ये (नोट सरळ धरणाऱ्या कडेच्या पट्ट्यांत) तिरकी बसते आणि थप्पीत वाकडीच येते.

एक गोष्ट जाता जाता: थप्पी झाली की मोजणी संपलेली असते. बाहेर आलेल्या थप्पीतून मधल्या काही नोटा काढून घेतल्या, तर उरलेली थप्पी परत आत ओढणाऱ्या साध्या यंत्राला ते कळत नाही. फसवणूक त्यावरच चालायची, म्हणून आपल्याकडे 2012 च्या सुमारास नोटा परत आत घेण्याची सोय बंद करण्यात आली होती.

बिघाड नेमका कुठे आहे हे पाहायला 40 चाचणी-नोटा घ्या (खऱ्या नोटांवर लिहू नका) आणि थप्पीच्या बाजूच्या कडेवर पेन्सिलने एक उभी रेघ ओढून ती चालवा. रेघ एकसारखी तिरकी झाली तर बेल्टच्या वेगात फरक आहे. फक्त टोकाची एकच नोट सरकली तर कुठेतरी पत्रा किंवा गाइड घासतोय. रेघेचं पोट मागे राहिलं, म्हणजे मधल्या नोटा मागे पडल्या, तर दाब कमी आहे किंवा मोटर झटक्याने सुरू होतेय. आधी स्प्रिंग बघा.