आमिष संपतं, गळ रिकामा येतो : रोहू आणि सायप्रिनससाठी आमिष कसं बांधावं

तुमची पोस्ट वाचली. पानशेतच्या फुगवट्यात सकाळी सहा ते अकरा बसता, कणकेचा गोळा लावता, तरंगा दर पाच-दहा मिनिटांनी थरथरतो, ओढून पाहिलं की कणीक गेलेली आणि गळ मोकळा. गळ बदलले, बारीक घेतले, अणकुचीदार घेतले, कणकेत व्हॅनिला घातला, फरक शून्य. शिवाय स्प्रिंग (कणीक भरायची तारेची गुंडाळी), मासेमारीची परवानगी आणि हिमाचलमधल्या ट्राउटबद्दलही तुम्ही विचारलंय. अगदी याच दुखण्यात माझे दोन हंगाम गेले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. रॉड, रील, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) यांबद्दल काही सांगत नाही. पाच तास टिकून बसता म्हणजे ते तुम्हाला जमतंच.

चूक गळाच्या धारेत नाही. गळ कणकेत पुरलेला आहे, ही चूक आहे. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या असंच शिकवतात की गळ पूर्ण झाकला पाहिजे, टोक दिसलं तर मासा घाबरतो. सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि मृगळ हे तळाशी खाणारे मासे खातात कसे ते पाहिलं की हे किती उलटं आहे ते कळतं. ही मासळी घास तोडत नाही. तळावरचं खाणं पाण्यासकट तोंडात ओढते, आत चाचपते, नको ते फुंकून बाहेर टाकते. जबड्यात दात नाहीत. दात असतात ते घशात, आणि चावणं होतं ते तिथे. म्हणजे तुमचा गोळा मासा ओढून घेतो, त्याला आत काहीतरी कडक लागतं, आणि तो सगळंच बाहेर टाकतो. टोक कणकेत बुडालेलं असल्यामुळे बाहेर जाताना ते ओठाला लागतच नाही. तुम्हाला वर तरंगा थरथरताना दिसतो आणि तुम्ही झटका मारता. झटक्याने फक्त कणीक सुटते. मी या काळात गळांवर जेवढे पैसे घातले तेवढ्यात चांगलं रील आलं असतं. कुणी एकाने जरी सांगितलं असतं की टोक उघडं ठेव, तर ते सगळं वाचलं असतं.

यावरचा उपाय म्हणजे हेअर रिग, म्हणजे गळ आणि आमिष बांधायची एक वेगळी पद्धत. इंग्लंडमध्ये लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी 1980च्या सुमारास हा काढला, आणि सुरुवातीला त्यात खरोखरच माणसाचा केस वापरला होता, म्हणून हे नाव. आमिष गळावर लावायचंच नाही. गळाच्या मागे लोंबणाऱ्या दोऱ्यावर ओवायचं; या दोऱ्यालाच पुढे मी केस म्हणतो. गळ पूर्ण उघडा राहतो. मासा आमिष ओढतो, मागोमाग गळ आत जातो. मासा फुंकतो तेव्हा आमिष आधी बाहेर पडतं आणि टोक खालच्या ओठात बसतं.

बांधायची पद्धत. गळ नेढ्याचा हवा. आपल्या बाजारात चपट्या डोक्याचे गळ बरेच मिळतात, त्यांवर ही गाठ बसत नाही. दांडी आखूड, बाक रुंद, नंबर 6 किंवा 8. (नंबर वाढला की गळ लहान होतो, पण कंपन्यांची मापं जुळत नाहीत, म्हणून शेजारी ठेवून बघूनच घ्या.) दोरा विणलेला (इंग्रजीत braid) घ्या, 15 ते 25 पौंडांचा ताण सोसणारा, साधारण 30 सेंटिमीटरचा तुकडा. त्याच्या एका टोकाला बारीक फास मारा. आमिष आधी ओवा, मग लांबी ठरवा, कारण लांबी आमिषावर अवलंबून असते. आता दुसरं टोक नेढ्यातून घाला, पण पाठीकडून, म्हणजे गळाचं टोक ज्या बाजूला वळलंय त्याच्या उलट बाजूने. केस दांडीच्या पाठीवर सरळ ठेवा आणि बाक व आमिष यांच्यात 3 ते 5 मिलिमीटर अंतर राहील इतका ओढून घ्या. लांब दोऱ्याने दांडी आणि केस दोन्हींवर नेढ्याकडून बाकाकडे 7-8 घट्ट वेढे द्या. मग तोच दोरा पुन्हा नेढ्यातून, पुन्हा पाठीकडूनच, पुढे काढा. थुंकीने ओला करून हळू आवळा.

इथे बहुतेक जण घसरतात. शेवटचा दोरा पुढून मागे काढला तर गाठ तितकीच छान दिसते, पण ओढ लागल्यावर टोक ओठापासून दूर वळतं. म्हणून प्रत्येक वेळी तपासा: गळ तळहातावर ठेवा आणि दोरा बोटांवरून सावकाश ओढा. गळ स्वतः वळून कातडीला टोचायला लागला पाहिजे. नुसता घसरत गेला तर कापून टाका आणि नव्याने बांधा. तासन्‌तास वाट बघण्यापेक्षा दोन मिनिटं परवडतात. केस बाकाभोवती गुंतू नये म्हणून सायकलच्या वॉल ट्यूबचा 4 मिलिमीटरचा तुकडा दांडीवर सरकवून त्यात केस धरा. विकतची सिलिकॉनची नळी लागतच नाही.

आमिष म्हणून मी काबुली चणे सुचवीन. बारा तास भिजवा, मग उकडा. दोन बोटांत दाबला की चपटा व्हावा पण सालपट फुटू नये. सुईने ओवायचा, फासाला पलीकडून केरसुणीच्या काडीचा तुकडा अडकवायचा. सुई म्हणून बारीक क्रोशा चालतो. सहा नंबरच्या गळाला दोन चणे, आठला मक्याचे दोन-तीन दाणे. चिलापी आणि इतर बारीक मासळी कणीक टिपून संपवते, पण उकडलेला चणा तिला सहज सुटत नाही. तुमची अर्धी थरथर याच टोळीची असावी असं मला वाटतं. चणे आणि मका कच्चे किंवा अर्धेकच्चे कधीही टाकू नका. ते माशाच्या आत फुगतात, आणि या माशांना जठर नसतं, त्यामुळे ते बाधतात. आपण मासा सोडणार असू तर हे पाप नको, आणि खाणार असू तरी ज्या माशांनी खाल्लं आणि निघून गेले त्यांचं काय.

शिसं 60 ते 80 ग्रॅम. हलकं शिसं माशाबरोबर उचललं जातं आणि गळ रुततच नाही. जड असलं की माशाला पळताना अचानक वजन लागतं आणि टोक आत जातं. म्हणूनच या रिगला झटका मारायचा नसतो. दोरी एकसारखी धावायला लागली की रॉड फक्त उचला. पण शिशाच्या वरच्या बाजूला, मुख्य तंगुसावर, गाठ किंवा रोधक नको. तंगूस तुटलं तर शिसं सुटून जायला हवं. नाहीतर मासा ते 80 ग्रॅम ओढत एखाद्या बुंध्यात अडकून मरतो. चिखलाच्या तळावर शिसं रुततं आणि आमिषालाही आत घेऊन जातं; तिथे शिसं आणि गळ यांतलं अंतर 20-25 सेंटिमीटर ठेवा. कडक तळावर 15 पुरे.

आता तुम्ही विचारलेला स्प्रिंग. मला ज्या दुकानात तो मिळाला तिथे सात-आठ गळ एकाच स्प्रिंगला बांधून दिले होते आणि सांगितलं होतं की जितके गळ जास्त तितका मासा जास्त. दुकानाचं नाव घेत नाही. पण हे साधन चुकीचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. गळ एकमेकांत अडकतात, मासा ओठात न सापडता पोटाला, डोळ्याला, गालफडाला ओरबाडला जातो, आणि काढताना आपल्या बोटात जातो. स्प्रिंग फेकू नका, गळ मात्र सगळे कापून टाका. स्प्रिंगभोवती कणीक भरा आणि त्याला 8-10 सेंटिमीटरच्या दोऱ्यावर एकच हेअर रिग जोडा. कणीक विरघळते, मासे तिथे जमतात आणि जवळचा चणा उचलतात. भरायच्या कणकेचं माझं प्रमाण: शेंगदाणा पेंडीचा चुरा दोन वाट्या, मक्याचा भरडा एक, गव्हाची कणीक एक, आणि मका उकडलेलं पाणी लागेल तसं. घरीच बादलीत टाकून बघा: पंधरा-वीस मिनिटांनी तडे जाऊन सुटायला लागली पाहिजे. तासाभराने तशीच गोळा असेल तर कणीक जास्त झाली, पाच मिनिटांत विरली तर भरडा.

पण एक लक्षात घ्या, वरचं सगळं तळावरच्या मासळीचं आहे. मृगळ तळाशी, रोहू मधल्या थरात, कटला वरच्या थरात. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, मिशा नाहीत, आणि तो पाण्यातलं तरंगतं बारीक जीवजंतूंचं खाणं गाळून खातो. त्याला तळाचा चणा दिसणारच नाही. त्यासाठी तरंगा सरकता ठेवा, आमिष पाण्याखाली एक ते दीड मीटरवर. स्प्रिंग किंवा शिशाभोवती भाताचा कोंडा आणि सातूचं पीठ असं फुगून ढग करणारं काहीतरी, आणि गळाला कणकेची छोटी चिमूट. टोक इथेही उघडंच. चिमटीच्या आत जुन्या चपलेच्या फोमचा तांदळाएवढा तुकडा घातला तर आमिष तरंगत राहतं आणि ढगाबरोबर हलतं. रोहूला झालरीसारखे ओठ असतात, तो चाखून खातो, त्याला छोटं आणि मऊ आमिष. चणा त्याला बऱ्याचदा मोठा वाटतो. मी रोहूसाठी मक्याचा एकच दाणा वापरतो. हे माझ्या पाण्याचं, तुमच्याकडे वेगळंही असू शकेल.

तळाला भरपूर खाणं टाकायचा मोह आवरा. पहिल्यांदा दोन-तीन मुठी, नंतर मासा लागला तरच आणखी. टाकलेली जागा आणि फेकीची जागा एकच राहील यासाठी योग्य अंतरावर तंगूस रीलच्या कड्यात अडकवा किंवा त्यावर रबरबँड बांधून खूण करा. दर फेकीला दहा पावलं इकडे-तिकडे झालं तर मासे जमतच नाहीत.

परवानगीबद्दलही विचारलं होतं. जलाशयातली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेला दिलेली असते, त्यामुळे आधी किनाऱ्यावरच्या त्या संस्थेच्या माणसांशी बोला. कार्यालयात या टेबलावरून त्या टेबलावर पाठवतात. पावसाळ्यात फुगवट्याच्या तोंडाशी, जिथे ओढे मिळतात, तिथे बसू नका. रोहू-कटला-मृगळ वाहत्या पाण्यात तिथेच अंडी सोडायला चढतात.

राहिला तुमचा हिमाचलचा बेत. तीर्थन किंवा बरोटला ट्राउटसाठी हेअर रिग नेऊ नका. ट्राउट चाखत बसत नाही, झडप घालून गिळतो. तिथे आमिष गळावरच हवं. दहा-बारा नंबरचा गळ, गांडूळ एकदाच मधोमध टोचलेलं, शेपटी मोकळी, आणि 30-40 सेंटिमीटर वर दोन बारीक शिशाचे मणी. ते तळाला रुतू न देता प्रवाहाबरोबर वाहू द्या, दगडाच्या आडोशाला पाणी मंदावतं तिथून. गिळलेला गळ खोल जातो, म्हणून मासा सोडायचा असेल तर आमिषाऐवजी एकेरी, टोकामागचा उलटा काटा दाबून टाकलेल्या गळाचा स्पिनरच (पाण्यात गरगरणारं धातूचं खोटं आमिष) घ्या. आणि गळ खोल गेलाच तर तो ओढू नका, दोरा तोंडाजवळ कापा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे ट्राउट बंद असतो, आणि परवान्यावर आमिषाबद्दल काय लिहिलंय ते वाचूनच गळ बांधायला घ्या.