नागोशि नो हाराए: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

जपानमधल्या शिंतो (तिथला पारंपरिक धर्म) मंदिरांत ३० जूनला होणाऱ्या नागोशि नो हाराए या शुद्धिविधीला आपण जाणार आहात, याचा मला मनापासून आनंद झाला. प्रार्थनेचे प्राचीन शब्द पाठ करण्याची घाई नको. ते पुरोहित म्हणतात, आपण मान लववून ऐकावे. वेळ मात्र आपण जाणार त्या मंदिराच्या सूचनाफलकावर आधी पाहून घ्यावी.

पहिल्या वेळी एवढे सांभाळा:

- प्रवेशाशी हात धुताना पळी उजव्या हातात घेऊन आधी डावा, मग उजवा हात धुवावा आणि चूळ भरण्यासाठी पाणी डाव्या तळहातावर घ्यावे. पळी थेट ओठांना लावणे ही नवख्यांची नेहमीची चूक.
- कागदाच्या मनुष्याकृतीवर नाव व वय लिहून ती अंगावरून फिरवतात, तिच्यावर फुंकर घालतात आणि मंदिरात सुपूर्द करतात. आपले दोष तिच्यात उतरतात अशी श्रद्धा असल्यामुळे ती आठवण म्हणून घरी आणू नये.
- मंदिरात उभ्या केलेल्या गवताच्या मोठ्या कड्यातून सहसा आधी डावीकडून, मग उजवीकडून, पुन्हा डावीकडून, म्हणजे इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरतात; प्रत्येक वेळी आत शिरण्यापूर्वी किंचित वाकावे. काही ठिकाणी क्रम निराळा असतो, तेव्हा पुढच्या माणसाकडे पाहून चालावे.

कड्याची काडी उपटून नेणारे लोक दिसतील. तसे कृपया करू नका, कारण त्या गवताने इतरांची अशुद्धी शोषून घेतलेली असते असे मानतात. छायाचित्रांसाठी कड्यात थांबून मागची रांगही अडवू नये.

क्योतोत असाल तर त्या दिवशी खाल्ली जाणारी मिनाझुकी, लाल चवळीसारखे दाणे पसरलेली पांढरी त्रिकोणी वडी, अवश्य चाखा.