टीपीचे ३,४१६ रुपये कुणाच्या कामी येतात?

प्रश्न : आमची बाराशे सीसीची जुनी कार आहे, म्हणून यंदा फक्त थर्ड पार्टी (टीपी) विमा घेतला, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई देणारा. आजवर एकही क्लेम केलेला नाही, तरी पैसे दरवर्षी जातातच. ते जातात कुठं? दुसरं असं की, आमच्याकडे दूध घालणाऱ्या मुलाच्या थोरल्या भावाला महिन्यापूर्वी रात्री उंब्रजजवळ हायवेवर कुठल्याशा गाडीनं उडवलं. तीन दिवस दवाखान्यात होता, मग गेला. बिल उसनवारी करून भरलं. मागं बायको, दोन मुलं, आई. गाडीचा नंबर कुणी पाहिला नाही. घरचे म्हणतात, गाडीच नाही तर भरपाई देणार कोण?
– एक वाचक, कराड

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते, कारण त्या घराला लगेच हालचाल करायला हवी. गाडी सापडली नाही तरी भरपाई मिळते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली अशा मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये ठरलेले आहेत. १ एप्रिल २०२२ पर्यंत हेच आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते.

अपघात ज्या तालुक्यात झाला तिथल्या तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात अर्ज करायचा. उंब्रज कराड तालुक्यातच येतं, त्यामुळे लांब जायला नको. एफआयआर, पंचनामा, पीएम (शवविच्छेदन) रिपोर्ट, मृत्यूचा दाखला, वारसांची ओळखपत्रं आणि पासबुकाची झेरॉक्स जोडा. चौकशीचा अहवाल महिन्याभरात जिल्हाधिकाऱ्यांकडे जायला हवा, त्यांची मंजुरी पंधरा दिवसांत आणि पुढच्या पंधरा दिवसांत जनरल इन्शुरन्स कौन्सिल या विमा कंपन्यांच्या संस्थेकडून पैसे खात्यात, असा नियम आहे. अर्ज दिला की आवक शिक्क्याची पोच घ्या. तोंडी 'ठेवून जा' म्हणाले तर ठेवून येऊ नका.

याबरोबर तपास अधिकाऱ्याला लेखी विचारा, की तासवडे टोलनाक्याचं त्या रात्रीचं फुटेज पाहिलं का? फुटेज कायम राहत नाही. पुढं गाडी सापडली तर मोटार अपघात न्यायाधिकरणात रीतसर दावा करता येतो, मिळालेले २ लाख त्या रकमेतून वळते होतात, एवढंच. दाव्याची मुदत अपघातापासून सहा महिने धरून चला.

आता तुमचे पैसे. तुमच्या पॉलिसीवर 'बेसिक थर्ड पार्टी' या ओळीपुढं ३,४१६ रुपये असतील, खाली अठरा टक्के जीएसटी. १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारला जून २०२२ पासून हाच दर लागू झाला. तो विमा कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार विमा नियामकाशी सल्लामसलत करून ठरवतं. म्हणून टीपीचा दर सगळीकडे सारखाच.

त्यातून कंपनी काय देते, ते तुम्ही कळवलेल्या घरावरूनच सांगते. समजा त्या भावाचं वय ३२ होतं, मिळकत महिना १५ हजार. धडक देणारी गाडी सापडली आणि तिचा विमा होता, तर न्यायाधिकरणातला हिशेब असा : मिळकत पुढं वाढली असती म्हणून चाळीस टक्के जास्त धरून २१ हजार. घरात चार अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले १५,७५०. वर्षाचे १ लाख ८९ हजार. या वयाला गुणक १६, म्हणजे ही रक्कम सोळा पट धरायची. म्हणजे ३० लाख २४ हजार, वर अंत्यविधी वगैरेची ठराविक रक्कम वेगळी. एवढ्या एका निकालाला तुमच्यासारख्या ८८५ गाड्यांचा वर्षाचा टीपी लागतो. तुम्ही क्लेम केला नाही म्हणून ते पैसे वाया गेले नाहीत, कुणाच्या तरी घरात ते पोचले.

आणि गाडी सापडली नाही तर त्याच माणसाच्या त्याच मृत्यूला २ लाख. हा फरक मला कधीच पटलेला नाही. अज्ञात वाहनांच्या भरपाईचा पैसाही तुमच्याच प्रीमियममधून येतो : कंपन्या वर्षानुवर्षं टीपी प्रीमियमच्या ०.१० टक्का सोलेशियम फंडासाठी, म्हणजे याच भरपाईच्या निधीसाठी, बाजूला काढत आल्या. त्या हिशेबानं तुमच्या ३,४१६ मधले तीन रुपये बेचाळीस पैसे. २०२२ साली देशात असे ६७,३८७ अपघात झाले आणि ३०,४८६ माणसं गेली. प्रत्येकाच्या वारसांनी हक्क मागायचा म्हटला तर हा हिस्सा वाढवावाच लागेल आणि तो वाढवावा असं माझं स्पष्ट मत आहे. पण निम्मी घरं अर्जापर्यंत पोचतच नाहीत, असा माझा अनुभव आहे. महिन्याभरात वाहनाचा शोध लागला नाही तर या योजनेची माहिती पोलिसांनी वारसांना लेखी द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२४ मध्ये बजावलं. तुमच्या पत्रातल्या घराला असा कागद मिळालाय का, ते विचारा.

दवाखान्याच्या बिलाबद्दल गावात आवर्जून सांगा. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे : अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंतचे उपचार, योजनेतल्या दवाखान्यात, गाडी सापडो न सापडो. विमा असलेल्या गाडीच्या अपघातात हा खर्च कंपन्यांच्या वर्गणीतून निघतो, बाकीच्यांत केंद्र सरकारच्या पैशातून. दाखल करतानाच 'या योजनेत घ्या' म्हणायचं आणि पोलिसांत लगेच वर्दी द्यायची.

प्रश्न : माझा ट्रॅक्टर शेत ते कारखाना एवढाच फिरतो. विमा काढायलाच हवा का?
– एक ऊस उत्पादक, इस्लामपूर

उत्तर : हो, कारण कारखान्याचा रस्ता सार्वजनिक आहे. ट्रॉली हेही वाहनच, तिचीही नोंद पॉलिसीत हवी. विमा नसेल तर पहिल्यांदा दंड २ हजार, त्याची तुम्हाला धास्ती वाटणार नाही. पण अंधारात बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉलीवर दुचाकी आदळून माणूस गेला, तर वर मांडलेला तीस लाखांचा हिशेब थेट तुमच्या नावावर निघतो आणि वसुली सातबाऱ्यापर्यंत येते. त्या विधवेला तरी पूर्ण रक्कम मिळते का? बहुतेक वेळा नाही. जमीन जप्त होईपर्यंत तिची वर्षं जातात. दुसऱ्याचा ऊस भाड्यानं ओढत असाल तर ते पॉलिसी काढतानाच सांगा. शेतीपुरती घेतलेली पॉलिसी भाड्याच्या खेपेला चालेल असं धरू नका. कंपनीनं पीडिताला पैसे दिले तरी ते तुमच्याकडून वसूल करण्याची मुभा न्यायाधिकरण तिला देऊ शकतं. हंगाम सुरू व्हायच्या आत एजंटाकडून ट्रॅक्टर आणि ट्रॉली, दोन्हींचे नंबर पॉलिसीत आलेत का ते स्वतः वाचून घ्या.