मामाच्या मुलीशी लग्न ठरतंय, पण बहिणीच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर (रक्ताचा गंभीर आनुवंशिक आजार) आहे. कोणती तपासणी करावी?

साखरपुड्याआधीच दोघांचीही सीबीसी (रक्तपेशींची साधी तपासणी) आणि हिमोग्लोबिन एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) करून घ्या, पत्रिका नंतर बघता येईल. मी लातूरला लॅबमध्ये काम करतो. भाच्याला मेजर म्हणजे तुमची बहीण वाहक, म्हणजे तिच्यात या आजाराचं एक सदोष जनुक आहे, आणि तिला ते आई किंवा वडिलांकडून आलंय. आईकडून असेल तर मामांकडे, पर्यायाने त्यांच्या मुलीकडेही असू शकतं. वाहकाला सहसा त्रास नसतो, त्यामुळे ‘आम्ही तर ठणठणीत’ यावर जाऊ नका. रिपोर्टमध्ये एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) कमी आणि एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) साधारण ३.५ टक्क्यांच्या वर दिसलं तर वाहक धरतात. दोघंही वाहक निघालात तर प्रत्येक गरोदरपणात मेजरची शक्यता २५ टक्के. मात्र अंगात लोह फार कमी असेल तर एचबीए२ कमी दाखवतं आणि वाहक असूनही कळत नाही. म्हणून सोबत फेरिटिनही (लोहाच्या साठ्याची तपासणी) करा.